तारेची कळ, हिरवा पडदा आणि कडेचा प्रश्न

मंचरहून नाशिकच्या दिशेने निघालं की कळंब ओलांडल्यावर थोड्याच वेळात नारायणगाव येतं. एरवी हा टापू द्राक्षं, टोमॅटो, कांदा आणि तमाशासाठी ओळखला जातो. पण भारतातल्या संदेशवहनाचा इतिहास लिहायचा तर याच रस्त्यावर दोनदा थांबावं लागतं. नारायणगावजवळ आर्वीला 1971 साली देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झालं आणि त्याला पुढे विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. शिवाय आळेफाट्याजवळच्या आळ्यात, ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले म्हणतात त्या रेड्याची समाधी आहे. तो चमत्कार पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 1940 मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये पडद्यावर दाखवला. आज मंचर-नारायणगावच्या बाजारपेठेतल्या स्टुडिओंत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारी मुलं नवरा-नवरीला हिरव्या कापडापुढून उचलून बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवतात.

या सगळ्यांत एकच काम चालू असतं. हवं ते नको त्यापासून सोडवायचं, आणि सोडवताना त्याला इजा होऊ द्यायची नाही. तारयंत्रात कळ दाबून प्रवाह चालू-बंद करतात आणि शांततेतून संदेश वेगळा काढतात. व्हिडिओत रंगाच्या खुणेवरून माणूस पार्श्वभूमीतून वेगळा काढतात. ‘आहे’ आणि ‘नाही’ ओळखणं दोन्हीकडे सोपं आहे. या दोहोंमधली सीमारेषा, म्हणजे कड, अवघड असते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या क्षेत्रात जी उपकरणं टिकली त्यांनी कडेची नीट काळजी घेतली होती, आणि फसलेल्या बऱ्याच उपकरणांनी कड फार सोपी धरली होती, असं मला हा सगळा पट पाहताना ठामपणे वाटतं.

मोर्सच्या लिपीत डॉट एका मापाचा, डॅश तीन मापांचा. अक्षराच्या पोटातली फट एक माप, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. मिनिटाला 20 शब्दांचा वेग धरला तर डॉट 60 मिलिसेकंदांचा होतो. शिकाऊ माणूस डॉट-डॅश घोकत बसतो, पण मुरलेला तारमास्तर फटी ऐकतो. इंग्रजी ‘ए’ म्हणजे डॉट आणि डॅश; त्यांच्यामधली फट जरा लांबली की त्याच एका अक्षराची ‘ई’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं होतात. आवाज तोच राहतो, पण गप्प राहण्याचं माप चुकलं की मजकूर बिघडतो.

साधी कळ वर-खाली दाबायची असते, म्हणून दिवसभर काम करणाऱ्याचं मनगट धरायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बग’ नावाची आडवी हलणारी कळ आली. तिच्यातली कंप पावणारी पट्टी डॉट आपोआप ठोकत राही, डॅश मात्र हातानेच द्यावे लागत. पुढे दोन पाकळ्यांचं पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक कीअर आला. एका पाकळीवर डॉट, दुसरीवर डॅश, दोन्ही एकदम दाबल्या की एकाआड एक. मापं यंत्र सांभाळतं. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आजही हीच साधनं वापरतात. साध्या कळीवर प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो आणि समोर कोण बसलंय हे जुने तारबाबू नाव सांगण्याआधी ओळखत. कीअरने ती ओळख पुष्कळशी पुसली आणि मजकूर स्वच्छ केला. संदेश पोचवायचा असेल तर हा सौदा मला योग्य वाटतो.

खरी परीक्षा झाली ती समुद्राखाली. 1858 मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचायला सुमारे 16 तास लागले. लांब केबलमध्ये वीज साठत जाते. डिंभे धरणाच्या कालव्याचं आवर्तन सुटल्यावर टोकाच्या शेतकऱ्याला जो अनुभव येतो तोच इथे येतो: मुखाशी दार उघडलं तरी शेवटाला पाणी हळूहळू चढतं, आणि दार बंद केल्यावरही बराच वेळ वाहत राहतं. पाठवताना डॉटची कड कितीही धारदार असो, पलीकडे ती पसरट होऊन पोचायची आणि पुढच्या डॉटमध्ये मिसळायची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी आधीच सांगितलं होतं की ही रेंगाळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंपनीचे विजेचे तज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी उलट जोर वाढवला आणि सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच अशक्त असलेली ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली.

थॉमसन यांनी जोर वाढवण्याऐवजी कान तीक्ष्ण केला. त्यांच्या गॅल्व्हनोमीटरमधला इवलासा आरसा क्षीण प्रवाहानेही हलायचा, आणि पुढे सायफन रेकॉर्डर कागदावर शाईची नागमोडी रेघ काढू लागला. केबलवर डॉट-डॅशची लांबी वेगळी ठेवणंही बंद झालं. दोन्ही सारख्याच वेळाचे, फक्त एकाचा प्रवाह सुलट आणि दुसऱ्याचा उलट. एक ठोका उलट्या दिशेने दिला की आधीच्याची शेपटी आपोआप कापली जाते. 1870 मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडला जोडली गेली तेव्हा हे शहाणपण हाताशी होतं.

पुणे जिल्ह्याचं या कथेतलं पहिलं मोठं स्थान 1927 चं. त्या वर्षी 23 जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत-इंग्लंड बीम वायरलेस तारसेवा सुरू झाली. खडकीहून संदेश सुटे आणि दौंडला इंग्लंडचे संदेश उतरत. पलीकडे ग्रिम्सबी आणि स्केगनेस ही त्यांची जोडीदार केंद्रं होती. कळ इथे माणसाच्या बोटाखाली नव्हती. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्रच ती दाबायचं, हाताला झेपणार नाही अशा वेगाने. पण लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून येतात आणि एकाच वेळी दोन-तीन वाटांनी येतात. वाटांची लांबी वेगळी, म्हणून एकच डॉट काही मिलिसेकंदांच्या फरकाने पुन्हा उमटतो. समुद्रातली कडेची अडचण आता आकाशात उभी राहिली होती, आणि वेगाची मर्यादा तिनेच ठरवली. या सेवेची कंपनी पुढे केबल कंपनीशी एकत्र झाली, 1947 मध्ये सरकारने ती घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस केली, आणि आर्वीचं केंद्र याच संस्थेने उभारलं. खडकी-दौंड आणि नारायणगाव यांचा असा थेट वारसा आहे. जिल्ह्याच्या शाळांत तो शिकवला जात नाही, याची मला खंत आहे.

कड पसरट झाली तर वाईट, मग ती शक्य तितकी धारदार ठेवावी असं कुणालाही वाटेल. रेडिओने ते खोटं ठरवलं. कळ दाबताक्षणी लहर शून्यातून एकदम पूर्ण ताकदीला गेली तर तो झटका आजूबाजूच्या साऱ्या फ्रीक्वेन्सींवर सांडतो. शेजारच्या चॅनलवर ऐकणाऱ्याला ‘खट्-खट्’ असं ऐकू येतं. त्याला की-क्लिक म्हणतात. उपाय म्हणजे लहर साधारण पाच मिलिसेकंदांत गोलाईने चढवायची आणि तशीच उतरवायची. कानाला डॉट स्पष्टच लागतो, पण शेजाऱ्याला त्रास होत नाही. जितका अचानक बदल, तितका रुंद पसारा, हा गणिताचा नियम आहे आणि त्यातून कुणाची सुटका नाही.

खोडदला या नियमाची किंमत रोज मोजली जाते. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 मध्यभागी एकत्र आहेत आणि 16 तीन हातांवर सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्याचं एक कारण म्हणजे इथली रेडिओ-शांतता आणि डोंगरांची आडोशाची भिंत. आकाशगंगांमधून येणारी लहर इतकी क्षीण असते की विजेच्या खांबावर सैल जोडणीतून उडणारी ठिणगीही तिला झाकून टाकते. ठिणगी म्हणजे धारेवर धार असलेला झटकाच. मार्कोनीची पहिली यंत्रं ठिणगीवरच चालत, आणि एक यंत्र सगळ्यांचा कान व्यापतं म्हणून ती पद्धत पुढे मोडीत निघाली. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा आराखडा दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वेने बाजूला ठेवला, तेव्हा आंबेगाव-जुन्नरमध्ये नाराजी उसळली. तीही खरी आहे. रेल्वेची वाट इथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली. पण विजेच्या तारेवर घासत जाणाऱ्या पँटोग्राफची ठिणगी आणि दूरच्या हायड्रोजनची कुजबुज एका ठिकाणी नांदणं किती अवघड आहे, हे लोकांना कुणी नीट बसून समजावलं नाही. वादातला निम्मा कडवटपणा त्यामुळे आला, असं माझं मत आहे.

खोडदच्या रेडिओ-शांततेची जात कळायची तर 19 ऑक्टोबर 2016 आठवावा. युरोपचं स्कियापरेली यान मंगळाच्या वातावरणात शिरत होतं. त्याचा 401 मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण संकेत खोडदच्या तबकड्या थेट ऐकत होत्या. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो थांबला. यान आदळलं होतं. ते कोणत्या क्षणापर्यंत बोलत होतं, हे पृथ्वीवर सर्वांत आधी खोडदला, म्हणजे जुन्नर तालुक्यात, दिसलं.

आर्वीबद्दल थोडक्यात. तिथली सुमारे 30 मीटरची तबकडी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली असे. डिजिटल काळात अशा दुव्यांवर फेज-शिफ्ट कीइंग आलं. लहर बंद-चालू करायची नाही, फक्त तिची कला (फेज) पलटवायची आणि त्या पलटण्यात शून्य-एक भरायचे. इथेही पलटी गोलाईने घ्यावी लागते, नाहीतर उपग्रहावरच्या शेजारच्या वाहिनीत सांडते. मोबाइल, डिश टीव्ही, वायफाय, सगळ्यांच्या पोटात याच घराण्याच्या पद्धती आहेत. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, कळ दाबण्याचं काम मात्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात सेकंदाला लाखो वेळा चालू आहे.

मोर्स मात्र अजूनही कामाचा आहे. गोल कडेचा मोर्स संकेत जेमतेम दीडशे हर्ट्झ जागा घेतो. त्याच रेडिओवरच्या बोलण्याला अडीच हजारांच्या आसपास लागतात. कमी जागेत ताकद एकवटते, म्हणून आवाज बुडाला तरी मोर्स ऐकू येतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला तेव्हा गाव नाहीसं झाल्याची बातमी बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या दऱ्यांत मोबाइल आजही बेभरवशाचा आहे. तिथल्या शाळांत हॅम रेडिओ आणि मोर्स शिकवावं, ही मागणी मला जुनाट वाटत नाही.

आता चित्राकडे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंका दहन’ (1917) आणि ‘कालिया मर्दन’ (1919) यांत एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चमत्कार घडवले. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. फिल्मवर प्रकाश पडला नाही तो भाग कोरा राहतो आणि दुसऱ्या खेपेला तिथे दुसरं चित्र बसवता येतं. काळं म्हणजे ‘नाही’, उजळ म्हणजे ‘आहे’. आजच्या सॉफ्टवेअरमधला ल्युमा की हाच विचार वापरतो. प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठगमन आणि 1940 च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये चालणारी भिंत दाखवली. प्रेक्षक थिएटरात हात जोडायचे, यात त्यांच्या भक्तीइतकाच कारागिरीचाही वाटा होता. प्रभातच्या त्याच जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

1940 मध्येच ‘थीफ ऑफ बगदाद’साठी लॅरी बटलर यांनी निळा पडदा वापरला आणि ऑस्कर मिळवलं. कातडीत निळा सर्वांत कमी, म्हणून माणूस निळ्यापासून सहज सुटतो. पण त्या काळच्या निळ्या पडद्याच्या चित्रांत माणसाभोवती बारीक निळी किनार दिसते. पुढची दोन मोठी पावलं पेट्रो व्लाहोस यांची. एक पाऊल, ‘मेरी पॉपिन्स’ (1964) मध्ये गाजलेली सोडियमची पद्धत. पडद्यावर रस्त्यावरच्या दिव्यासारखा पिवळा सोडियम प्रकाश, 589 नॅनोमीटरच्या अरुंद रेषेतला. कॅमेऱ्यातला खास प्रिझम तेवढीच रेषा वेगळ्या फिल्मवर टाकतो आणि चित्रणाबरोबरच माणसाच्या आकाराचा साचा तयार होतो. केस, जाळीची ओढणी, सगळं सुटतं. पण तसे प्रिझम अगदी मोजके बनले आणि पद्धत मागे पडली.

दुसरं पाऊल टिकलं. ‘बेन-हर’ (1959) साठी त्यांनी रंगांतल्या फरकाची पद्धत बसवली. त्याआधी प्रश्न असा विचारला जायचा: हा ठिपका निळा आहे का? व्लाहोस यांनी विचारलं: इतर रंगांपेक्षा निळा किती जास्त आहे? ‘हो-नाही’च्या जागी ‘किती’ आलं आणि सगळं बदललं. केसाच्या टोकाशी ठिपका अर्धा केसाचा आणि अर्धा पडद्याचा असतो. त्याला अर्धाच पारदर्शक करायला हवं. 1970 च्या दशकात त्यांच्या अल्टिमॅट यंत्राने हेच व्हिडिओत आणलं. 1984 मध्ये पोर्टर आणि डफ यांनी या ‘किती’ला संगणकाच्या गणितात पक्कं बसवलं: प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळ्याबरोबर चौथा आकडा, अल्फा, शून्य ते एक यांमधला. रेडिओतली पाच मिलिसेकंदांची गोलाई आणि अल्फाची ही उतरंड यांत मला सख्खं नातं दिसतं. दोन्हीकडे तीक्ष्ण कड नजरेत भरते आणि बिघडवते. योग्य मापाची मऊ कड कुणाला जाणवत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याबरोबर निळ्याची जागा हिरव्याने घेतली. सेन्सरवर हिरव्याच्या जागा लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्या वाहिनीत खरखर कमी. पण हे सूत्र मराठी लग्नात अडतं. नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगावर हिरवा शालू, पैठणीच्या पदरात हिरवे मोर. क्रोमा मारला, म्हणजे हिरवा रंग काढून टाकला, की मनगटं हातापासून तुटतात आणि पदराला भोकं पडतात. अशा वेळी निळं कापड लावावं, हा साधा नियम आहे आणि अनेक स्टुडिओंत निळं कापडच नसतं. हळदीचा प्रश्न जास्त सूक्ष्म. पिवळ्यात हिरवा भरपूर असतो. पडद्याची हिरवी झाक अंगावर पडते तिला स्पिल म्हणतात. ती काढताना सॉफ्टवेअर हिरव्यावर मर्यादा घालतं, आणि हळद लागलेला चेहरा नारिंगी होतो. खंडोबाच्या भंडाऱ्याची उधळण तर हिरव्यावर कधीच घेऊ नये. ती पिवळीही असते, अर्धपारदर्शकही आणि हलतीही. तिथे निळा पडदाच बरा.

बहुतेक लग्नाचे कॅमेरे 4:2:0 पद्धतीने नोंद करतात. उजेड प्रत्येक ठिपक्याचा, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. डोळ्याला फरक कळत नाही, पण व्हिडिओतला कीअर, म्हणजे साचा काढणारं सॉफ्टवेअर, रंगावरच चालतो, म्हणून कडेला पायऱ्या पडतात. 4:2:2 नोंद मिळाली तर घ्यावी. तीही नसेल तर प्रकाशयोजनेवर भर द्यावा, कारण तिथे पैसे कमी आणि फायदा जास्त. कापडाला सुरकुती नको, त्यावर उजेड एकसारखा आणि वेगळ्या दिव्यांचा, आणि माणूस कापडापासून निदान आठ-दहा फूट पुढे. मिक्सिंगवाल्यांच्या रात्री ज्या चुका निस्तरण्यात जातात त्यांतल्या बहुतेक शूटिंगच्या वेळी पाच मिनिटांत टळल्या असत्या.

सॉफ्टवेअरमधल्या कीअरचं म्हणाल तर कीलाइट रंगांतल्या फरकावर चालतो आणि आफ्टर इफेक्ट्सबरोबर येतो. चांगल्या प्रकाशातल्या चित्रणाला पहिला तोच लावावा. प्रायमॅट रंगांच्या अवकाशात आतला-बाहेरचा घनाकार आखतो आणि असमान पडद्यावर जास्त सोशीक आहे. न्यूकमधला आयबीके पडद्याचंच स्वच्छ चित्र तयार करतो आणि त्याच्याशी तुलना करतो. सुरकुतलेल्या कापडावर आणि केसांवर मला तो सर्वांत विश्वासू वाटतो. पैसे नसतील तर ब्लेंडर मोफत आहे, आणि थेट प्रक्षेपणाला ओबीएसचा क्रोमा फिल्टर पुरतो. पण एकाच कीअरने सगळं चित्र सोडवण्याचा हट्ट सोडावा. पोटासाठी एक घट्ट साचा, कडेसाठी दुसरा मऊ, पडद्याबाहेरच्या पसाऱ्यासाठी हाताने आखलेला तिसरा, अशीच कामं चांगली होतात. स्लायडर टोकाला नेऊन कड खरवडली की माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो. नव्वद टक्के वाईट क्रोमाचं कारण हेच, असं मी अंदाजाने म्हणतो.

आता पडद्याशिवाय माणूस ओळखून साचा काढणारी यंत्रं आली आहेत. मोर्समध्येही ऐकून मजकूर छापणारे डिकोडर आले आहेत. स्वच्छ संकेतावर दोन्ही चटकन चालतात. गोंगाटात डिकोडर अक्षरं गाळतो तिथे मुरलेला कान अजून वाचतो, आणि उडत्या बटेवर यंत्राचा साचा दर चौकटीला थरथरतो तिथे निळं कापड अजून जिंकतं. पुढे हे बदलेल. पण कड कशी असायला हवी हे ज्याला माहीत नाही, त्याला यंत्राने चुकीची दिलेली कड ओळखताही येणार नाही.

खोडदला दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरतं आणि गावोगावच्या शाळा ते पाहायला येतात. तिथे एका टेबलावर मोर्सची कळ आणि ऑसिलोस्कोप ठेवावा, शेजारी हिरवं कापड, कॅमेरा आणि संगणक. मुलाने आधी कळ दाबून डॉटची चढती-उतरती कड पडद्यावर पाहावी, ती धारदार केल्यावर शेजारच्या चॅनलवर होणारी खटखट ऐकावी. मग स्वतःच्या केसांभोवतीचा अल्फा मोठा करून बघावा. ओव्हरसीज कम्युनिकेशन्सच्या निवृत्त तंत्रज्ञांना आणि नारायणगावच्या मिक्सिंगवाल्यांना त्या टेबलामागे उभं करावं. सामान फार लागणार नाही. परवानगी आणि रेडिओ-शांततेचे नियम सांभाळायचे तर कळ नुसत्या ध्वनी-ऑसिलेटरला जोडावी आणि शेजारच्या चॅनलची खटखट रेकॉर्ड करून ऐकवावी.